मूत्रसंस्थेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रिया आणि रुग्णाचे वय

मूत्रसंस्थेच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियेचे फलित आणि रुग्णाचे वय यांचा परस्परसंबंध हा मूत्रशल्यचिकित्सा व वृद्धवैद्यक या दोन वैद्यकशाखांच्या सीमेवरील अभ्यासविषय आहे. मूत्रपिंड, मूत्रवाहिनी, मूत्राशय आणि मूत्रमार्ग यांचे कर्करोग प्रामुख्याने उतारवयात आढळतात. त्यामुळे या रोगांवरील मोठ्या शस्त्रक्रिया ज्यांना सुचवल्या जातात, त्यांतील बहुसंख्य रुग्ण ज्येष्ठ असतात. 'या वयात शस्त्रक्रिया झेपेल का?' हा प्रश्न अशा प्रत्येक घरात विचारला जातो.

उपलब्ध अभ्यासांचा एकत्रित निष्कर्ष दुहेरी आहे. वय वाढते तसा शस्त्रक्रियेतील धोका वाढतो आणि शस्त्रक्रियेनंतरचे सरासरी आयुष्य कमी होते, हे खरे आहे. परंतु या फरकाचा मोठा भाग वयाच्या आकड्यामुळे नसून वयाबरोबर येणाऱ्या सहव्याधी, शारीरिक दुर्बलता, निदानास झालेला उशीर आणि अपुरा उपचार यांमुळे असतो. म्हणून केवळ जन्मतारीख पाहून शस्त्रक्रिया नाकारणे अथवा केवळ रोग पाहून ती करणे, या दोन्ही गोष्टी आधुनिक वैद्यक अयोग्य मानते.

मूत्रसंस्थेचे कर्करोग

रक्त गाळून मूत्र तयार करणारी दोन मूत्रपिंडे, मूत्रपिंडातील मूत्र गोळा करणारी वृक्कद्रोणी, तेथून मूत्र खाली आणणाऱ्या दोन मूत्रवाहिन्या, ते साठवणारे मूत्राशय आणि ते बाहेर टाकणारा मूत्रमार्ग मिळून मूत्रसंस्था बनते. बोलीभाषेत 'मूत्रमार्गाचा कर्करोग' हा शब्दप्रयोग या सर्वच अवयवांच्या कर्करोगांसाठी केला जातो.

वृक्कद्रोणीपासून मूत्रमार्गाच्या बऱ्याच भागापर्यंत एकाच प्रकारचे अस्तर असते. या अस्तराच्या कर्करोगांपैकी बहुतांश मूत्राशयात होतात. वृक्कद्रोणी व मूत्रवाहिनी यांत होणाऱ्यांचे प्रमाण ५ ते १० टक्के असते. मूत्रपिंडाच्या मुख्य पेशीसमूहाचा कर्करोग हा यांहून वेगळा रोग असून त्याची वाढ, उपचार व फलित वेगळे आहे.

जगभरात २०२२ या वर्षी मूत्राशयाच्या कर्करोगाचे सुमारे ६ लाख १४ हजार आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे सुमारे ४ लाख ३५ हजार नवे रुग्ण आढळल्याचा अंदाज आहे. मूत्राशयाचा कर्करोग स्त्रियांपेक्षा पुरुषांत तीन ते चार पट अधिक आढळतो. धूम्रपान हे त्याचे सर्वांत मोठे कारण आहे. रंग व रबर उद्योगांतील काही रसायनांशी दीर्घकाळ आलेला संपर्क हे दुसरे महत्त्वाचे कारण होय. कर्करोगकारक द्रव्ये रक्तातून गाळली जाऊन मूत्रात उतरतात आणि मूत्राशयाच्या अस्तराच्या सान्निध्यात तासन्‌तास राहतात. ही हानी साचत जाऊन रोग प्रकट होण्यास अनेक दशके लागतात. त्यामुळे हा रोग प्रामुख्याने वृद्धापकाळी दिसतो. अमेरिकेत मूत्राशयाच्या कर्करोगाच्या निदानाचे सरासरी वय ७३ वर्षे, तर मूत्रपिंडाच्या कर्करोगाचे सुमारे ६५ वर्षे आहे. भारतीय रुग्णालयांतील रुग्णांचे सरासरी वय याहून काहीसे कमी आढळते.

प्रमुख शस्त्रक्रिया

वयाचा परिणाम समजण्यासाठी शस्त्रक्रियांमधील फरक लक्षात घेणे आवश्यक आहे, कारण सर्व शस्त्रक्रिया शरीरावर सारखाच ताण देत नाहीत.

दुर्बिणीद्वारे गाठ काढणे – मूत्रमार्गातून दुर्बीण घालून मूत्राशयातील गाठ खरवडून काढली जाते. पोटावर छेद घ्यावा लागत नाही. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या जवळजवळ सर्व रुग्णांत ही पहिली पायरी असते. सुमारे तीन चतुर्थांश रुग्णांत निदानाच्या वेळी रोग अस्तरापुरता मर्यादित असतो. अशांना ही शस्त्रक्रिया, त्यानंतर मूत्राशयात सोडली जाणारी औषधे आणि नियमित तपासणी पुरेशी ठरू शकते. क्षयरोगाच्या बीसीजी लशीचा यासाठी होणारा उपयोग अल्वारो मोरालेस यांनी कॅनडात १९७६ साली दाखवून दिला.

संपूर्ण मूत्राशय काढणे – रोग मूत्राशयाच्या स्नायूत शिरला असल्यास मूत्राशय, लगतच्या लसिकाग्रंथी, तसेच पुरुषांत पुरःस्थ ग्रंथी आणि स्त्रियांत बहुधा गर्भाशय काढले जाते. या शस्त्रक्रियेला रॅडिकल सिस्टेक्टॉमी म्हणतात. त्यानंतर मूत्र बाहेर येण्यासाठी नवा मार्ग करावा लागतो. लहान आतड्याचा एक तुकडा वापरून पोटावर तोंड काढणे ही पद्धत यूजीन ब्रिकर यांनी १९५० साली रूढ केली. आतड्यापासून नवे मूत्राशय बनवणे हा दुसरा पर्याय आहे. मूत्रशल्यचिकित्सेतील सर्वांत मोठ्या शस्त्रक्रियांत हिची गणना होते.

मूत्रपिंड व मूत्रवाहिनी काढणे – वृक्कद्रोणी अथवा मूत्रवाहिनी यांच्या धोकादायक कर्करोगात त्या बाजूचे मूत्रपिंड, संपूर्ण मूत्रवाहिनी आणि ती मूत्राशयाला जेथे मिळते तो भाग काढला जातो.

मूत्रपिंड पूर्णतः वा अंशतः काढणे – मूत्रपिंडातील गाठ लहान असल्यास केवळ गाठीचा भाग काढून उर्वरित मूत्रपिंड वाचवले जाते. गाठ मोठी असल्यास संपूर्ण मूत्रपिंड काढावे लागते.

वयाचा परिणाम होण्याची कारणे

शरीराची राखीव शक्ती

तरुण शरीरातील प्रत्येक अवयवाकडे रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक क्षमता शिल्लक असते. वयोमानानुसार ही राखीव शक्ती घटते. विश्रांतीच्या स्थितीत हृदय, फुप्फुसे व मूत्रपिंडे पुरेसे काम करतात, त्यामुळे ही घट जाणवत नाही. भूल, रक्तस्राव, वेदना आणि जंतुसंसर्ग यांचा एकत्रित भार पडला की ती उघड होते. स्नायूंचे वस्तुमान कमी झालेले असल्यास खोकून कफ बाहेर टाकणे, अंथरुणातून उठणे व चालणे या साध्या क्रियाही कठीण होतात. त्यातून न्यूमोनिया, पायांतील शिरांत रक्ताच्या गुठळ्या होणे आणि शय्याव्रण यांचा धोका वाढतो.

मूत्रपिंडांची गाळणक्षमता

चाळिशीनंतर मूत्रपिंडांची गाळणक्षमता दरवर्षी सरासरी १ मिलिलिटर प्रति मिनिट या गतीने कमी होते. मधुमेह व उच्च रक्तदाब असल्यास ही घट अधिक वेगाने होते. मूत्रसंस्थेच्या कर्करोगात या गोष्टीला विशेष महत्त्व आहे, कारण काही शस्त्रक्रियांत मूत्रपिंडच काढले जाते. शिवाय या कर्करोगांवरील सिस्प्लॅटिन हे प्रभावी औषध मूत्रपिंडांना इजा करते. त्यामुळे गाळणक्षमता ६० मिलिलिटर प्रति मिनिट वा त्याहून अधिक असलेल्या रुग्णांनाच ते सामान्यतः पूर्ण मात्रेत दिले जाते. एक मूत्रपिंड काढल्यानंतर अनेक ज्येष्ठ रुग्ण या मर्यादेखाली जातात आणि आवश्यक औषधाला मुकतात.

सहव्याधी

मूत्राशयाचा कर्करोग व हृदयविकार, तसेच श्वसननलिकांचा दीर्घकालीन विकार यांचे धूम्रपान हे समान कारण आहे. त्यामुळे या कर्करोगाच्या ज्येष्ठ रुग्णाला अन्य गंभीर आजार असण्याची शक्यता त्याच वयाच्या इतर व्यक्तींपेक्षा अधिक असते.

निदानातील विलंब

वेदनारहित रक्तमिश्रित लघवी हे मूत्राशयाच्या कर्करोगाचे प्रमुख लक्षण आहे. रक्तस्राव एकदा होऊन आपोआप थांबतो आणि काही आठवड्यांनी वा महिन्यांनी पुन्हा होतो. मधल्या काळात रोग बरा झाल्याचा समज होतो. वृद्ध पुरुषांत हे लक्षण पुरःस्थ ग्रंथीच्या वाढीवर, स्त्रियांत जंतुसंसर्गावर आणि दोहोंतही उष्णतेवर वा 'उन्हाळी लागण्यावर' ढकलले जाते. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास तिला दोष दिला जातो. वास्तविक अशी गोळी घेणाऱ्या रुग्णाच्या लघवीत रक्त दिसले तरी पूर्ण तपासणी आवश्यकच असते. या विलंबामुळे वृद्ध रुग्णांत निदानाच्या वेळी रोग पुढच्या अवस्थेत असण्याचे प्रमाण अधिक आढळते.

उपचारातील तफावत

वृद्ध रुग्णांना शस्त्रक्रिया, लसिकाग्रंथी काढणे आणि रसायनोपचार या तिन्ही गोष्टी तरुण रुग्णांच्या तुलनेत कमी प्रमाणात दिल्या जातात. यातील काही निर्णय वैद्यकीयदृष्ट्या योग्य असतात, तर काही केवळ वयाच्या धाकाने घेतलेले असतात. अपुऱ्या उपचारामुळे फलित वाईट आले की 'वयामुळे गुण आला नाही' असा निष्कर्ष काढला जातो आणि तोच पुढील रुग्णाला उपचार नाकारण्याचा आधार बनतो.

अवयवनिहाय परिणाम

मूत्राशय

संपूर्ण मूत्राशय काढण्याची शस्त्रक्रिया अनुभवी केंद्रांतही गुंतागुंतीची असते. न्यूयॉर्क येथील मेमोरियल स्लोन केटरिंग कर्करोग केंद्राने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या १,१४२ रुग्णांच्या अभ्यासात ६४ टक्के रुग्णांना पहिल्या ९० दिवसांत काही ना काही गुंतागुंत झाली होती. त्यांतील बहुतेक किरकोळ स्वरूपाच्या होत्या, तर गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण १३ टक्के होते. आतड्याची हालचाल मंदावणे, जंतुसंसर्ग आणि जखम न भरणे या प्रमुख तक्रारी होत.

वय वाढते तसे किरकोळ गुंतागुंतीपेक्षा गंभीर गुंतागुंत व मृत्यू यांचे प्रमाण अधिक वाढते. ऐंशी वर्षांवरील रुग्णांत ९० दिवसांतील मृत्यूचे प्रमाण साठीतील रुग्णांपेक्षा स्पष्टपणे जास्त आढळते. पहिल्या ३० दिवसांचे आकडे पाहिल्यास हा धोका कमी भासतो. वृद्ध शरीर पहिला आघात अनेकदा सहन करते, पण त्यानंतरचे कुपोषण, पुन्हापुन्हा होणारा जंतुसंसर्ग व अशक्तपणा यांत खचते. म्हणून शस्त्रक्रियेच्या यशाचा हिशेब ३० ऐवजी ९० दिवसांचा धरणे अधिक योग्य मानले जाते.

दुसऱ्या बाजूस, स्नायूत शिरलेल्या कर्करोगावर उपचार न केल्यास बहुतांश रुग्ण दोन-तीन वर्षांतच दगावतात. अखेरच्या काळात सततचा रक्तस्राव, वेदना आणि लघवी अडणे यांचा त्रासही होतो. त्यामुळे शस्त्रक्रियेचा धोका हा उपचार न करण्याच्या धोक्याशी ताडून पाहावा लागतो.

वृक्कद्रोणी व मूत्रवाहिनी

या अवयवांच्या कर्करोगाबाबत दोन बहुकेंद्री अभ्यास विशेष बोधप्रद आहेत. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अधिक वय असलेल्या रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूचे प्रमाण अधिक आढळले. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र रुग्णाची दैनंदिन कार्यक्षमता हा घटक विश्लेषणात समाविष्ट करताच वयाचा स्वतंत्र परिणाम उरला नाही. शस्त्रक्रियेपूर्वी स्वतःची कामे स्वतः करणारा वृद्ध रुग्ण आणि अंथरुणाला खिळलेला वृद्ध रुग्ण यांची गणना केवळ वयानुसार एकाच गटात केल्यास वय हेच कारण भासते. त्यांना वेगळे केल्यास खरे कारण पुढे येते.

या शस्त्रक्रियेनंतर रसायनोपचार दिल्यास रोग उलटण्याचे प्रमाण घटते, हे ब्रिटनमधील 'पाउट' या चाचणीने २०२० साली सिद्ध केले. मात्र ज्येष्ठांची गाळणक्षमता शस्त्रक्रियेनंतर घटत असल्याने काही तज्ज्ञ रसायनोपचार शस्त्रक्रियेपूर्वी देण्याचा पुरस्कार करतात. कमी धोक्याच्या लहान गाठींत दुर्बिणीतून लेसरच्या साहाय्याने गाठ नष्ट करून मूत्रपिंड वाचवता येते.

मूत्रपिंड

मूत्रपिंडातील ४ सेंटिमीटरपर्यंतच्या गाठी बहुधा अन्य कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत योगायोगाने आढळतात. यांची वाढ मंद असून ती सरासरी वर्षाला ३ मिलिमीटरच्या आसपास असते. त्या शरीरात अन्यत्र पसरण्याचे प्रमाण पहिल्या काही वर्षांत अत्यल्प असते. अनेक सहव्याधी असलेल्या वृद्ध रुग्णाच्या बाबतीत अशी गाठ त्याच्या आयुष्याला धोका निर्माण करण्यापूर्वीच अन्य आजार बळावण्याची शक्यता अधिक असते. म्हणून ठरावीक काळाने चाचण्या करून लक्ष ठेवणे हा मान्यताप्राप्त मार्ग आहे. येथे शस्त्रक्रिया न करणे हेच विचारपूर्वक निवडलेले व्यवस्थापन असते.

कालगणनेचे वय आणि शारीरिक वय

जन्मतारखेवरून मोजले जाणारे वय आणि शरीराची प्रत्यक्ष स्थिती यांत मोठी तफावत असू शकते. ही तफावत मोजण्यासाठी वृद्धवैद्यकात दुर्बलता ही संकल्पना वापरली जाते. अमेरिकेतील लिंडा फ्रीड व सहकाऱ्यांनी २००१ साली तिची पाच लक्षणे निश्चित केली: नकळत वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड ढिली होणे, चालण्याची गती मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांतील तीन वा अधिक लक्षणे असल्यास व्यक्ती दुर्बल मानली जाते. शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत, रुग्णालयातील मुक्काम आणि पुन्हा दाखल होण्याची वेळ यांचा अंदाज बांधण्यास वयापेक्षा दुर्बलता अधिक उपयुक्त ठरते, असे अनेक अभ्यासांत दिसून आले आहे.

आयुर्मानाच्या आकड्याबाबतही गैरसमज आढळतो. भारतातील जन्मवेळचे सरासरी आयुर्मान ७० वर्षांच्या आसपास आहे. याचा अर्थ सत्तरी गाठलेल्या व्यक्तीचे आयुष्य संपत आले, असा होत नाही. जन्मवेळच्या आयुर्मानात बालमृत्यू व अकाली मृत्यू यांचाही समावेश असतो. सत्तरीपर्यंत पोहोचलेली व्यक्ती सरासरी आणखी दहा वर्षांहून अधिक जगते. स्नायूत शिरलेला कर्करोग उपचाराविना दोन-तीन वर्षांत प्राणघातक ठरत असेल, तर अशा व्यक्तीच्या बाबतीत दहा वर्षांचा कालावधी पणाला लागलेला असतो.

शस्त्रक्रियेपूर्वीचे मूल्यमापन

ज्येष्ठ रुग्णाच्या सर्वांगीण मूल्यमापनाची पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ब्रिटनमधील डॉ. मार्जरी वॉरेन यांच्या कार्यातून विकसित झाली. कर्करोगाच्या रुग्णांत सामान्यतः पुढील बाबी तपासल्या जातात.

दैनंदिन कार्यक्षमता – आंघोळ, कपडे घालणे, शौचास जाणे, औषधे घेणे व पैशांचा व्यवहार स्वतः करता येतो का, हे विचारले जाते.

चालणे व तोल – खुर्चीतून उठून ३ मीटर चालत जाऊन परत बसण्यास किती वेळ लागतो, हे मोजले जाते. १२ सेकंदांहून अधिक वेळ लागल्यास पडण्याचा धोका जास्त समजला जातो.

पोषण – गेल्या काही महिन्यांत घटलेले वजन, आहार व रक्तातील हिमोग्लोबिन पाहिले जाते. दीर्घकाळच्या रक्तस्रावामुळे या रुग्णांत रक्तक्षय वारंवार आढळतो.

स्मरण व मनःस्थिती – विस्मरण अथवा नैराश्य असल्यास शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिशवीची निगा राखणे, औषधे वेळेवर घेणे आणि मुळात संमती देणे या तिन्हींवर परिणाम होतो.

औषधे – एकाच वेळी चालू असलेल्या अनेक औषधांचा आढावा घेऊन अनावश्यक औषधे बंद केली जातात.

आधार – घरी काळजी घेणारे कोण आहे आणि रुग्णालय किती दूर आहे, याची नोंद केली जाते.

प्राथमिक चाळणीसाठी 'जी-८' ही आठ प्रश्नांची, १७ गुणांची प्रश्नावली वापरली जाते. १४ वा त्याहून कमी गुण मिळाल्यास सविस्तर मूल्यमापन करण्याची शिफारस असते. मुंबईतील टाटा स्मारक रुग्णालयात ज्येष्ठ कर्करुग्णांच्या मूल्यमापनासाठी २०१८ पासून स्वतंत्र व्यवस्था कार्यरत आहे.

या मूल्यमापनाचा मुख्य उद्देश सुधारता येण्याजोग्या गोष्टी शोधणे हा असतो. शस्त्रक्रियेपूर्वीच्या दोन ते चार आठवड्यांत धूम्रपान बंद करणे, रोज चालणे, श्वसनाचे व्यायाम, प्रथिनयुक्त आहार आणि रक्तक्षयावर उपचार यांतून धोका कमी करता येतो. मात्र या तयारीच्या नावाखाली शस्त्रक्रिया लांबवणे घातक ठरते. स्नायूत शिरलेल्या मूत्राशयाच्या कर्करोगात निदानानंतर तीन महिन्यांहून अधिक विलंब झाल्यास जगण्याची शक्यता घटते.

शस्त्रक्रियेनंतरचा काळ

वृद्ध रुग्णांत शस्त्रक्रियेनंतर पहिल्या काही दिवसांत संभ्रमावस्था उद्भवू शकते. रुग्ण वेळ-स्थळ विसरतो, असंबद्ध बोलतो, नळ्या ओढून काढतो अथवा अगदीच निपचित राहतो. यास अनेकदा 'वेड लागले' असे समजले जाते. प्रत्यक्षात ही बहुधा तात्पुरती अवस्था असून जंतुसंसर्ग, वेदना, शरीरातील पाणी व क्षार यांचे असंतुलन, झोपेचा अभाव वा काही औषधे ही तिची कारणे असतात. चष्मा व श्रवणयंत्र जवळ ठेवणे, ओळखीचे माणूस सोबत असणे आणि रात्री शांतता राखणे या साध्या उपायांनी तिचे प्रमाण कमी होते.

डेन्मार्कमधील शल्यचिकित्सक हेन्रिक केहलेट यांनी १९९० च्या दशकात मांडलेल्या 'शीघ्र पुनर्प्राप्ती' कार्यक्रमाचा ज्येष्ठांना लाभ होतो. शस्त्रक्रियेपूर्वी दीर्घ उपवास टाळणे, लवकर खाणे-पिणे सुरू करणे, दुसऱ्याच दिवशी रुग्णास उठवून चालवणे आणि गुंगी आणणारी वेदनाशामके कमी वापरणे ही त्याची सूत्रे आहेत. यंत्रमानवाच्या साहाय्याने होणाऱ्या शस्त्रक्रियेत रक्तस्राव कमी होतो. ब्रिटनमध्ये ३३८ रुग्णांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत पहिल्या ९० दिवसांपैकी रुग्णालयाबाहेर काढलेले दिवस पारंपरिक पद्धतीत ८०, तर यंत्रमानवी पद्धतीत ८२ भरले. म्हणजे लाभ आहे, पण तो मर्यादित आहे.

नव्या मूत्रमार्गाची निवडही वयाशी निगडित असते. आतड्याच्या नव्या मूत्राशयात रात्री लघवी गळण्याची व काहींना स्वतः नळी घालून ते रिकामे करण्याची गरज असते. त्यामुळे वृद्ध रुग्णांत पोटावर तोंड काढून बाहेर पिशवी लावण्याची पद्धत अधिक वापरली जाते. अतिदुर्बल रुग्णांत आतड्याला हात न लावता मूत्रवाहिन्याच थेट पोटाच्या त्वचेवर आणल्या जातात. त्यामुळे शस्त्रक्रियेचा वेळ व आतड्याशी संबंधित गुंतागुंत दोन्ही कमी होतात.

शस्त्रक्रियेला पर्याय

स्नायूत शिरलेल्या मूत्राशयाच्या कर्करोगात दुर्बिणीद्वारे शक्य तितकी गाठ काढून त्यानंतर किरणोपचार व रसायनोपचार एकत्र देण्याने काही रुग्णांचे मूत्राशय वाचवता येते. ब्रिटनमधील ३६० रुग्णांच्या चाचणीत, जिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले, किरणोपचाराबरोबर रसायनोपचार दिलेल्या ६७ टक्के रुग्णांत दोन वर्षांनंतर श्रोणिभागात रोग उलटला नव्हता. केवळ किरणोपचार घेतलेल्यांत हे प्रमाण ५४ टक्के होते. या चाचणीतील रुग्णांचे मध्यक वय ७२ होते आणि वापरलेल्या औषधांत सिस्प्लॅटिन नव्हते. त्यामुळे मूत्रपिंडे कमजोर असलेल्या ज्येष्ठांसाठी तिचे निष्कर्ष महत्त्वाचे ठरतात. एकच गाठ असणे, मूत्रपिंडाला सूज नसणे आणि मूत्राशयाचे कार्य चांगले असणे या अटी पूर्ण करणारे रुग्ण या उपचारास अधिक योग्य असतात.

कोणताही मूलगामी उपचार शक्य नसल्यास रक्तस्राव थांबवणे, वेदनाशमन आणि लघवीचा मार्ग मोकळा ठेवणे यांवर भर देणारी उपशामक सेवा दिली जाते.

रत्नागिरी जिल्ह्यातील परिस्थिती

वय आणि शस्त्रक्रिया यांचा प्रश्न कोकणात अधिक तीव्र होतो, याचे कारण तेथील लोकसंख्येची रचना होय. २०११ च्या जनगणनेनुसार रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,१५,०६९ होती. २००१ च्या तुलनेत ती ४.८२ टक्क्यांनी घटली होती. दर हजार पुरुषांमागे १,१२२ स्त्रिया होत्या. नोकरीसाठी मुंबईस जाणाऱ्या चाकरमान्यांची जुनी परंपरा हे या दोन्ही आकड्यांमागील प्रमुख कारण आहे. याच जनगणनेत महाराष्ट्रातील साठ वर्षांवरील व्यक्तींचे प्रमाण ९.९ टक्के होते. रत्नागिरी व सिंधुदुर्ग या जिल्ह्यांत ते राज्याच्या सरासरीहून बरेच अधिक होते.

या रचनेचे परिणाम उपचारांच्या प्रत्येक टप्प्यावर दिसतात. गावी राहणारा वृद्ध मुलांना त्रास नको म्हणून लघवीतील रक्ताची गोष्ट गणपती वा शिमग्याला मुले घरी येईपर्यंत सांगत नाही, असे घडू शकते. शस्त्रक्रियेनंतर काळजी घेणारी पत्नी अनेक घरांत स्वतःही सत्तरीच्या आसपास असते. पोटावरील पिशवी काही दिवसांनी बदलावी लागते. दमट हवेत व पावसाळ्यात घामामुळे ती नीट चिकटत नाही आणि सभोवतालची त्वचा सोलवटते. वाडीवरून तालुक्याच्या गावी जाण्यास वाहन मिळणे पावसाळ्यात कठीण होते. त्यामुळे मूल्यमापनात 'घरचा आधार' हा मुद्दा येथे औपचारिकतेपुरता राहत नाही.

जिल्ह्यात रत्नागिरी येथे जिल्हा शासकीय रुग्णालय असून २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. चिपळूण तालुक्यातील डेरवण येथील बी. के. एल. वालावलकर रुग्णालयात कर्करोगावरील उपचारांची सोय आहे आणि तेथे वैद्यकीय महाविद्यालयही आहे. संपूर्ण मूत्राशय काढण्यासारख्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी रुग्ण मुंबई, पुणे वा कोल्हापूर येथे जातात. रत्नागिरीपासून कोल्हापूर सुमारे १३० किलोमीटर, तर मुंबई सुमारे ३५० किलोमीटर अंतरावर आहे. २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण कोकण रेल्वे मार्ग खुला झाल्यापासून मुंबईचा प्रवास सुकर झाला आहे.

दूरच्या केंद्रात जाण्यामागे वैद्यकीय कारण आहे. संपूर्ण मूत्राशय काढण्याच्या शस्त्रक्रिया ज्या रुग्णालयांत वर्षाला वीसहून अधिक होतात, तेथील मृत्यूचे प्रमाण कमी असते. वृद्ध रुग्णांना या अनुभवाचा लाभ अधिक होतो, कारण गुंतागुंत वेळीच ओळखली जाण्यावर त्यांचे प्राण अवलंबून असतात. मात्र शस्त्रक्रियेनंतरची रक्ततपासणी, त्वचेची निगा आणि जंतुसंसर्गावरील प्राथमिक उपचार जवळच्या रुग्णालयात होऊ शकतात. त्यासाठी शस्त्रक्रियेचा संपूर्ण अहवाल रुग्णाच्या हाती असणे आवश्यक असते.

आर्थिक साहाय्य

महाराष्ट्रात २ जुलै २०१२ रोजी सुरू झालेल्या राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजनेचे २०१७ मध्ये महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना असे नामकरण झाले. या योजनेतील उपचारांची वार्षिक मर्यादा प्रतिकुटुंब दीड लाखावरून पाच लाख रुपयांपर्यंत वाढवण्याचा व राज्यातील सर्व कुटुंबांना तिचा लाभ देण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. कर्करोगावरील शस्त्रक्रिया, किरणोपचार व रसायनोपचार यांचा तीत समावेश आहे. आयुष्मान भारत योजनेची व्याप्ती २९ ऑक्टोबर २०२४ पासून वाढवण्यात आली. त्यानुसार ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता दरवर्षी पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार उपलब्ध झाले. यासाठी आयुष्मान वय वंदना कार्ड दिले जाते.

अभ्यासांच्या मर्यादा

या विषयावरील बहुतेक अभ्यास पूर्वलक्षी, म्हणजे जुन्या नोंदींवर आधारलेले आहेत. त्यांत शस्त्रक्रिया झालेल्या वृद्धांचीच नोंद असते. अतिदुर्बल रुग्णांना शल्यचिकित्सकांनी आधीच वगळलेले असल्याने शस्त्रक्रिया झालेल्यांचे निकाल वास्तवापेक्षा चांगले दिसू शकतात. उलट, पंच्याहत्तरीच्या पुढील रुग्णांना औषधांच्या चाचण्यांत फारसे सामावून घेतले जात नाही. त्यामुळे तरुण रुग्णांवरील निष्कर्ष त्यांना लागू करावे लागतात.

'वृद्ध' कोणास म्हणावे याची मर्यादाही अभ्यासागणिक ६५, ७०, ७५ वा ८० अशी बदलते. एकूण मृत्युदर व केवळ कर्करोगाने होणारा मृत्युदर यांतील फरकही महत्त्वाचा आहे. वृद्ध रुग्णाचा शस्त्रक्रियेनंतर चार वर्षांनी हृदयविकाराने मृत्यू झाल्यास एकूण मृत्युदरात त्याची भर पडते. परंतु कर्करोगापुरती ती शस्त्रक्रिया यशस्वीच ठरलेली असते.

बहुतेक मोठे अभ्यास अमेरिका व युरोपातील आहेत. भारतात लोकसंख्याधारित कर्करोग नोंदणी केंद्रे रुग्णाचे वय, लिंग व रोगाचे स्थान यांची नोंद ठेवतात. शस्त्रक्रियेचा निर्णय घेताना मात्र पुढील काळात रुग्णाला स्वतःला काय हवे आहे, हे त्याच्याकडूनच जाणून घ्यावे लागते. काहींना आयुष्य वाढणे महत्त्वाचे वाटते, तर काहींना कोणावर अवलंबून न राहता स्वतःच्या घरी वावरता येणे. म्हणून निर्णयाची चर्चा केवळ नातेवाइकांशी न करता रुग्णाच्या उपस्थितीत आणि त्याला समजेल अशा भाषेत करणे हा ज्येष्ठ कर्करुग्णांच्या उपचारातील आवश्यक भाग मानला जातो.